वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट बसवायचाय, कुठला घेऊ?

या महिन्यात एक्झॉस्टबद्दल इतकी पत्रं आलीत की टायर आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. सगळी छापता येणार नाहीत, पण त्यातल्या पाचांमध्ये बाकीच्यांचीही उत्तरं येऊन जातील.

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली निस्सान ३७०झी आहे, इंजिन ३.७ लिटर व्ही-६, गाडी एकदम टकाटक. राहायला घोडबंदर रोडला पातलीपाड्याजवळ टॉवरमध्ये, पार्किंग बेसमेंटला. कॅट-बॅक एक्झॉस्ट बसवायचाय, रिमोटवर व्हॉल्व्ह उघड-बंद होणारा. दोन पर्याय आहेत, एक व्हॅक्यूमवर चालणारा आणि एक इलेक्ट्रिक मोटरचा. व्हॅक्यूमवाला स्वस्त पडतोय. ऑफिस लांब आहे म्हणून सकाळी साडेपाचलाच निघतो, रोज हीच गाडी. पॉवर किती वाढेल आणि कुठला घेऊ?
– वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : आधी पॉवरचं सांगतो म्हणजे तो विषय संपेल. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या (थोडक्यात ‘कॅट’) मागचं सगळं, पाइप आणि मफलर, म्हणजेच सायलेन्सर. तुमचं इंजिन बिनटर्बोचं आहे आणि कंपनीचा एक्झॉस्ट काही चोंदलेला नाही, त्यामुळे नुसत्या कॅट-बॅकने हाती लागतात ते थोडेसे हॉर्सपॉवर आणि तेही वरच्या आरपीएमला. गाडी चालवताना ते जाणवतील असं मी म्हणणार नाही. वजन थोडं कमी होईल. आवाजासाठी घेताय तर आवाजासाठीच घ्या, त्यात चूक काही नाही, व्ही-६चा आवाज खरंच देखणा असतो आणि कंपनीने तो बराच दाबलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही सकाळी साडेपाचला बेसमेंटमधून निघता. व्हॉल्व्ह उघडला की आवाज मोठा, मिटला की कमी. रिमोटवाले एक्झॉस्ट विकताना दुकानदार उघडा व्हॉल्व्ह ऐकवतो, रेस देऊन दाखवतो, सगळे खूश होतात, आणि गाडी मात्र दिवसातला बहुतेक वेळ बंद व्हॉल्व्हवर चालते. म्हणून एक्झॉस्ट विकत घ्यायचा तो बंद व्हॉल्व्हचा आवाज ऐकून. बंद असताना तो कंपनीच्या आवाजाच्या जवळपास आला पाहिजे, नाही आला तर तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

इथेच व्हॅक्यूमचा घोळ आहे. अशा एक्झॉस्टमध्ये पाइपाच्या आत एक गोल पत्रा असतो, मधून दांडी गेलेली, दांडीच्या बाहेरच्या टोकाला स्प्रिंग आणि एक डबीएवढा अ‍ॅक्च्युएटर. पत्रा उघडला की गॅस सरळ बाहेर जातो, मिटला की मफलरच्या लांबच्या वाटेने जातो. बाजारातल्या बऱ्याच व्हॅक्यूमवाल्या सेटमध्ये स्प्रिंग पत्रा उघडा धरून ठेवते आणि इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला व्हॅक्यूम तो ओढून बंद करतो. पण इंजिन सुरू व्हायच्या आधी व्हॅक्यूम येणार कुठून? म्हणजे तुम्ही स्टार्टर मारता त्या क्षणी व्हॉल्व्ह सताड उघडा. आणि नेमकं तेव्हाच थंड इंजिन कॅट लवकर तापावा म्हणून मुद्दाम जास्त आरपीएमवर आणि इग्निशन मागे ओढून, म्हणजे ठिणगी जरा उशिरा देऊन चालत असतं, गरम गॅस जोरात बाहेर फेकत, दिवसातला सगळ्यात कर्कश अर्धा-एक मिनिट तोच. वर बेसमेंटला चारी बाजूंनी काँक्रीट, आवाज शोषायला काहीच नाही, रॅम्पमधून तो सरळ पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये जातो. रिमोट खिशात असून उपयोग नाही.

त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा की गाडी बंद असताना पत्रा उघडा असतो की मिटलेला. व्हॅक्यूमवर उघडणारे आणि स्प्रिंगने मिटणारे सेटही मिळतात, ते चालतील. पण तुमच्या गाडीसाठी माझं मत इलेक्ट्रिक मोटरकडेच आहे आणि त्याला आणखी एक कारण आहे. या इंजिनात निस्सानची व्हीव्हीईएल सिस्टिम आहे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा ते बदलून हवा कमी-जास्त केली जाते, सगळा भार थ्रॉटलवर नाही, म्हणून मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम साध्या इंजिनासारखा धरून चालता येत नाही. त्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कुठल्याही बिनटर्बो इंजिनात व्हॅक्यूम जवळजवळ संपतोच. व्हॅक्यूम सेटच लावायचा असेल तर वन-वे व्हॉल्व्ह आणि छोटी व्हॅक्यूम टाकी हवीच. आणि काही झालं तरी फिटरला ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे व्हॅक्यूमवर ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या भागाच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकू देऊ नका. सगळ्यात सोपी जागा ती असते, हात पटकन पोचतो, म्हणून बरेच जण तिथेच कापतात. ती तीन-चार रुपयांची प्लास्टिकची टी उन्हाळ्यात तडकली तर ब्रेक पेडल दगड होईल, आणि ते कळेल तेव्हा तुम्ही कापूरबावडीच्या उतारावर असाल.

दुसरी गोष्ट घुमण्याची. ३७०झीला मोकळा एक्झॉस्ट लावला की हायवेवर केबिन घुमते, ही या गाडीची जुनी तक्रार आहे. हिशोब सोपा आहे, व्ही-६ इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं, २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झ. हा खालच्या पट्टीतला आवाज काचा बंद केबिनमध्ये दाटून बसतो, ठाण्याहून पुण्याला पोचेपर्यंत डोकं जड होतं. चांगला बनवणारा यासाठी पाइपाला बाजूने एक बंद तोंडाची नळी जोडतो. एक्झॉस्टमधल्या गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग ४८०-५०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास धरला तर १२० हर्ट्झसाठी तिची लांबी साधारण एक मीटर येते. तिच्यात शिरलेली लाट परत येताना उलटी येते आणि मूळ लाटेला मारते. लोकल बनवून घेणार असाल, रबाळे-तुर्भेच्या एमआयडीसीत हात चांगला असलेले लोक आहेत, तर त्यांना ही नळी जरूर सांगा. स्टील ३०४ ग्रेड घ्या, ४०९ स्वस्त आहे पण आपल्या खाडीच्या हवेत त्यावर तांबूस थर फार लवकर धरतो. आर्गन वेल्डिंगच करून घ्या, आणि बेंड मँड्रेलचे हवेत, पाइप वाकवताना आतून चेपलेला नको.

ओटू (ऑक्सिजन) सेन्सरचं टेन्शन घेऊ नका, कॅट-बॅक सेन्सरच्या मागे येतो, ईसीयूला म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही. पाइप किती खाली लोंबतोय तेवढं मात्र रॅम्पवर गाडी असतानाच बघून घ्या, घोडबंदरचे स्पीडब्रेकर आणि गायमुखचा रस्ता तुम्हाला मी काय सांगायचे.

प्रश्न : सीवूड्सला राहतो, बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय आहे. दुकानदार म्हणतो कंपनीची व्हॉल्व्हची मोटर काढून टाकू, आपला रिमोट लावू, आणि सोबत कॅट काढलेला डाउनपाइप टाकला की गाडी उडेल. टाकू का? टर्बो गाडी असल्यामुळे आवाज तसाही फार येत नाही.
– वाचक, नवी मुंबई

उत्तर : टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसवलेला पंखा. सिलिंडरमधून निघालेले धक्के त्याच्या पात्यांवर आपटून सपाट होतात, म्हणून टर्बो गाड्यांचा आवाज मुळातच मवाळ. वर बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांमध्ये केबिनमध्ये ऐकू येणारा थोडा आवाज स्पीकरमधून येतो. त्यामुळे आत बसून ऐकलेल्या आवाजावर खरेदी ठरवू नका, कुणाला तरी चालवायला द्या आणि स्वतः फुटपाथवर उभे राहा.

तुमच्या गाडीत कंपनीचाच व्हॉल्व्ह आणि मोटर आहे. चांगले सेट तीच मोटर वापरतात, नवीन मफलरवर ती बसायला जागा दिलेली असते आणि व्हॉल्व्ह गाडीच्या स्पोर्ट-कम्फर्ट मोडबरोबर आपोआप चालतो. हे सगळ्यात उत्तम. मोटर काढून वायर लोंबती ठेवली तर ईसीयूला ती सापडणार नाही, फॉल्ट नोंदला जाईल, मग तो लपवायला आणखी एक डबी, मग त्या डबीची वायरिंग, आणि दोन वर्षांनी पावसात नेमकं काय बिघडलंय ते कुणालाच कळणार नाही.

डाउनपाइपला, म्हणजे टर्बोच्या लगेच मागच्या पाइपाला, माझं स्पष्ट नाही. पॉवर मिळते हे खरं आहे, टर्बोच्या लगेच मागचा अडथळा गेला की ट्यूनिंग करून बऱ्यापैकी मिळते. पण कॅट काढला की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जसंच्या तसं बाहेर येतं, मागचा सेन्सर ते लगेच पकडतो, कॅट नीट काम करत नाही असा पी०४२० कोड येतो, पीयूसीला अडचण होते आणि बेसमेंटमध्ये तो वास कपड्यांना बसतो. सोसायटीतली पोरं त्याच बेसमेंटमधून सायकली काढतात. बीएस-६ गाडी घेऊन तिला वीस वर्षं मागे नेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

प्रश्न : खारघरला असतो. व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट लावून दोन पावसाळे झाले. आता साधारण १५०० आरपीएमला मागून डबा हलवल्यासारखी खडखड येते, रेस वाढवली की जाते. गॅरेजवाला म्हणतो मफलर आतून सुटलाय, नवीन घ्या. खरंच तसं असेल का?
– वाचक, खारघर

उत्तर : नवीन मफलर घ्यायच्या आधी अर्धा तास द्या. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर उभी असेल तर उत्तम, रॅम्पवर घ्या आणि व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवून बघा. फिरवायचं नाही, हलवायचं. थोडी जरी टकटक जाणवली तर दांडीचं बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती कडी, झिजलंय आणि पत्रा आत सैल वाजतोय. कमी आरपीएमला गॅसचे धक्के सुटे सुटे येतात म्हणून तो थरथरतो, रेस वाढली की प्रवाह त्याला एका बाजूला दाबून धरतो म्हणून आवाज जातो. तुमचं लक्षण अगदी याचंच वाटतंय. बुश बदलून मिळतं, नाही मिळालं तर लेथवाला बनवून देतो, फक्त पितळेचं नको, तिथलं तापमान त्याला झेपणार नाही.

दांडी घट्ट असेल तर स्प्रिंग बघा. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी तापलेल्या स्प्रिंगवर उडतं, तिचा ताण जातो आणि पत्रा पूर्ण मिटत नाही, मधेच तरंगत राहतो. त्यानंतर हीट शिल्ड, तिचा एखादा बोल्ट गंजून गेला की अगदी असाच आवाज येतो आणि एका क्लॅम्पमध्ये काम होतं. मग हँगरची रबरं. हे सगळं ठीक निघालं तरच मफलर कापायचा विषय.

आणि व्हॉल्व्ह महिनोन् महिने एकाच जागी ठेवू नका. काजळी धरते, गंज धरतो, दांडी जाम होते, मग मोटर जोर लावून जळते. आठवड्यातून एकदा उघड-बंद करत जा, गाडी उभी असताना केलं तरी चालतं. दांडीला साधं ग्रीस लावू नका, ते जळून गोंद होतं, तांब्याचं किंवा निकेलचं हाय-टेंपरेचर अँटी-सीझ मिळतं ते थोडंसं लावा.

प्रश्न : माझ्याकडे गाडी नाही. सानपाड्याला पाम बीच रोडच्या बाजूला राहते, वय ६८. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा रात्री अकरा-साडेअकराला मोठ्या आवाजाची गाडी घेऊन येतो. मुलगा चांगला आहे, भेटला की विचारपूस करतो, भांडण करायचं नाही. पण ह्यांची बायपास झालीय आणि ते दचकून उठतात. तो म्हणतो काकू, आवाज कायद्यात बसतो. खरंच बसतो का?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : काकू, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण या सदरात गाडीवाल्यांचीच पत्रं येतात.

कायद्याचं असं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. नवीन कार कंपनीतून निघताना चालत्या चाचणीत, साडेसात मीटरवरून मोजून, ७४ डेसिबलची मर्यादा आहे, एप्रिल २००५ पासून. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीतल्या एकूण आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत याहून कमी. डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या गणितासारखं नसतं, १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, त्यामुळे ७४ ची गाडी ८४ वर गेली तर ‘दहानेच वाढलाय’ असं म्हणता येत नाही.

दंडाचं बघितलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचं उल्लंघन केलं तर पहिल्या वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. परवानगी नसलेले बदल मालकाने केले तर कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘रिमोटने बंद होतो’ ही सवलत यात कुठेही लिहिलेली नाही. व्हॉल्व्ह उघडा असताना गाडी मर्यादेबाहेर जात असेल तर रस्त्यावर ती बेकायदाच. काही परदेशी मफलरवर गोलात ई अक्षर आणि आकडा असा शिक्का असतो, तो तिकडच्या चाचणीचा, इथे त्याने आपोआप परवानगी मिळत नाही. मुलगा कदाचित त्याच्याच भरवशावर बोलत असेल.

पण तुम्हाला भांडायचं नाहीये आणि मला वाटतं गरजही पडणार नाही. त्याला हे पान वाचायला द्या आणि दोनच गोष्टी सांगा. एक, पाम बीच सोडून आत वळतानाच व्हॉल्व्ह मिटव, गेटवर आल्यावर नको. दोन, पार्किंगमध्ये लागल्यावर शेवटची रेस मारून इंजिन बंद करायची सवय असेल तर ती सोड, त्याने इंजिनाचं काहीही भलं होत नाही. काकांना दचकवतो तो आवाज बहुतेक हाच असणार, एकदम उठणारा. व्हॉल्व्ह मिटूनही आवाज तेवढाच राहिला तर त्याचा एक्झॉस्टच चुकीचा आहे, मग सोसायटीच्या कमिटीने लेखी सांगावं. तरीही ऐकलं नाही तर ११२ आणि नवी मुंबई आरटीओ आहेच. ट्रॅफिक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते त्याने बघितलं असेलच.

प्रश्न : एक्झॉस्ट बसवून झाला, छान आहे. दोन शंका आहेत. इन्शुरन्सला कळवायचं का? आणि कंपनीचा जुना सायलेन्सर घरात अडगळ झालाय, बायको म्हणते भंगारात द्या, एक जण विकत मागतोय. देऊन टाकू?
– वाचक, डोंबिवली (गाडी एमएच-०५ आहे, पण काम ठाण्यात करून घेतलं)

उत्तर : इन्शुरन्सला लेखी कळवा, ईमेल चालेल, उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल सर्व्हेयरला दिसला की क्लेमच्या वेळी वाद होतो, आणि तेव्हा विषय एक्झॉस्टच्या किमतीचा नसतो, अख्ख्या गाडीचा असतो. वॉरंटी चालू असेल तर एक्झॉस्टशी जोडलेल्या भागांवर कंपनी हात वर करू शकते हेही धरून चाला.

जुना सायलेन्सर अजिबात विकू नका, भंगारात तर मुळीच नको. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तिथे ती मूळ रूपातच न्यायची. विकायला काढली तरी शहाणा गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतो. बऱ्याच स्पोर्ट्स कार आपल्याकडे मोजक्याच आल्यात, त्यांचा मूळ मफलर बाहेरून मागवायचा झाला तर किंमत आणि कस्टम ड्युटी बघून घाम फुटेल. वहिनींना सांगा की बाल्कनीत नाही ठेवणार. आतलं पाणी निथळून पूर्ण वाळू द्या, दोन्ही तोंडं कापड कोंबून टेपने बंद करा म्हणजे झुरळं-उंदीर शिरणार नाहीत, बाहेरून इंजिन ऑइलचं फडकं फिरवा आणि माळ्यावर आडवा टाका. नट-बोल्ट, क्लॅम्प, हँगरची रबरं एका पिशवीत घालून मफलरलाच बांधा. पाइपाच्या जोडातलं पॅकिंग (गॅस्केट) मात्र जुनं ठेवू नका, एकदा दाबलेलं पॅकिंग परत नीट बसत नाही, लावायची वेळ येईल तेव्हा नवीन घ्या.